खुराकाचा जामीन

महाराष्ट्रातील मल्लविद्येचा इतिहास लिहावयास बसलेला गृहस्थ बहुधा कोल्हापुरापासून आरंभ करतो, सांगली-मिरजेस मुक्काम करून बडोद्याकडे वळतो, होळकरांच्या इंदुराचे नाव आदराने घेतो, आणि या साऱ्यांच्या मध्ये जो खानदेश पसरलेला आहे त्याच्याविषयी एखादे ओझरते वाक्य लिहून मोकळा होतो. या उपेक्षेस कारण नाही असे नाही. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हा हा मुलूख कोणा संस्थानिकाच्या वाट्यास न जाता थेट कंपनी सरकारच्या अमलाखाली आला. कॅप्टन ब्रिग्जने धुळ्यास जिल्ह्याचे ठाणे बसविले. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, आणि तेच पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. या सर्व स्थित्यंतरांत येथे कलेक्टर आला, मामलेदार आला, मुन्सफ आला, गादी मात्र आली नाही. आणि जेथे गादी नाही तेथे गादीच्या पदरी पोसलेले पहिलवानही नसावयाचे. तथापि कुस्ती होती, आणि ती जोमाने होती. चैत्र-वैशाखातील यात्रा कुस्त्यांच्या दंगलीवाचून पुरी झाली असे खानदेशात सहसा कोणी मानीत नाही. म्हणूनच एक प्रश्न कोल्हापुरापेक्षा येथे अधिक उघडपणे विचारता येतो. राजा नसताना पहिलवानाला खाऊ कोण घालीत होते, आणि त्या खाण्याला जामीन कोण राहत होते?

हा प्रश्न आजच विचारावासा वाटावा असे २०१६ साली दोनदा घडले. त्या वर्षी १२ जानेवारीस मेलबर्नच्या एसेन्डन नावाच्या व्यावसायिक फुटबॉल क्लबाचे ३४ आजी-माजी खेळाडू निषिद्ध द्रव्याच्या सेवनाबद्दल दोषी ठरले, आणि १८ ऑगस्टला, म्हणजे सव्वासात महिन्यांनी, लागोपाठ तीन वेळा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला नरसिंग यादव त्याच प्रकारच्या आरोपाखाली रिओ ऑलिंपिकच्या आखाड्यातून माघारी फिरविला गेला. दोन्ही कज्जांचा अखेरचा फैसला एकाच संस्थेने, लोझान येथे मुख्य ठाणे असलेल्या क्रीडा लवाद न्यायालयाने दिला. दोन्ही प्रकरणांत घरच्या पंचांनी आरोपींना आधी निर्दोष सोडले होते, दोन्हींत जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘वाडा’ने, अपील केले, आणि दोन्हींत ते अपील मंजूर झाले. एवढे साम्य केवळ योगायोगाचे नसते. त्याची मुळे जेथे दिसतात ती जागा मात्र ना मेलबर्नला आहे, ना रिओला. ती तालमीच्या मागल्या पडवीत, जेथे बदाम घोटले जातात तेथे आहे.

मल्लाने स्वतःचे अन्न स्वतः मिळवू नये, ते दुसऱ्या कोणी तरी त्यास पुरवावे, हा आपल्याकडील फार जुना दंडक. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने रचलेल्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात मल्लांची प्रतवारी, त्यांची मेहनत यांबरोबर त्यांच्या आहाराचीही व्यवस्था राजकर्तव्य म्हणून सांगितली आहे. संस्थानी काळात हीच रीत चालू राहिली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१२ साली खासबागेचे मैदान सिद्ध केले ही गोष्ट सर्वांच्या तोंडी आहे. परंतु त्या मैदानावर उतरणारा मल्ल तयार व्हावा म्हणून दूध, तूप आणि बदाम यांची जी नेमणूक वर्षानुवर्षे चालवावी लागते, तिचा खर्च मैदानाच्या दगडांपेक्षा हलका नसतो. या व्यवस्थेत खुराकाच्या शुद्धतेचा प्रश्नच उपस्थित होत नसे. ज्याची कोठी त्याची हमी. राजाच्या कोठीतून आलेल्या तुपाविषयी शंका घेणे म्हणजे राजाविषयी शंका घेणे होते.

खानदेशाला कोठी नव्हती, कापूस होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचे भाव भडकले. त्याच सुमारास लोहमार्ग आला आणि जळगावची व्यापारी पेठ नावारूपास आली. मागोमाग जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि जळगाव, अमळनेर, धुळे, चाळीसगाव येथे कापडगिरण्या उभ्या राहिल्या. अमळनेरच्या प्रताप मिलचे संस्थापक प्रतापशेठ यांनी तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी एक संस्थाच काढून दिली, हे त्या पेठेच्या दातृत्वाचे एक टोक. दुसरे टोक असे की, त्याच पेठांतील अडत्ये आणि जिनवाले यात्रेच्या दंगलीत इनामे लावीत आणि त्यांच्या नावाचा पुकारा झाला म्हणजे मिशीवर हात फिरवीत. इकडे धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा स्थापून समर्थांच्या वाङ्मयाचा उद्धार आरंभिला. समर्थभक्ती म्हणजे मारुतीची उपासना आणि मारुतीची उपासना म्हणजे बलोपासना, असे ज्या काळात सहज मानले जाई त्या काळात, मारुतीचे देऊळ आणि तालीम यांचे अंगण एकच असावे यात नवल नव्हते. तेव्हा राजाच्या जागी येथे गाव आले, पेठ आली, आणि या दोहोंच्या वतीने व्यवहार पाहणारा वस्ताद आला.

यात्रेतील दंगल ज्याने पाहिली आहे त्यास हा आश्रय किती चिमटीचिमटीने जमविलेला असतो हे सांगावयास नको. आरंभी पोरांच्या कुस्त्या, त्यांना रेवड्या नाही तर नारळ; मग पाच-दहा रुपयांच्या; मग कोणी भांडे ठेवतो, कोणी फेटा; हलगीचा ताल चढत जातो तसतशी जोड मोठी होत जाते आणि सूर्य कलतीस लागल्यावर मानाची कुस्ती सुटते. प्रत्येक इनामाचा दाता पुकारला जातो. यात्रा कमिटीने वर्गणीचा हिशेब द्यावयाचा आणि गावाने तो पाहावयाचा, हा शिरस्ता. म्हणजे बक्षिसाचा पैसा कोठून आला हे येथे शेंबड्या पोरासही ठाऊक असते. बक्षीस जिंकणाऱ्याच्या पोटात काय गेले, हे मात्र एकट्या वस्तादास ठाऊक.

आणि ते त्यास खरोखरच ठाऊक असे. पहाटेचे जोर-बैठका आटोपून, हौद्यातील माती खणून, अंगाचा घाम मातीने वाळला म्हणजे खुराकाची वेळ होई. रात्री भिजत घातलेले बदाम सोलून त्यांत खसखस, बडीशेप, मगज आणि चार काळी मिरी घालावयाची आणि ते सारे दगडी कुंडीत लाकडी सोट्याने घोटावयाचे. कुंडी मांडीत दाबून धरणारा आणि सोटा फिरविणारा पोरगा निराळा, आणि वस्तादाने कुंडीत बोट बुडवून, ते अंगठ्याशी चोळून, कण लागत नाही असे म्हटल्याखेरीज हातातला सोटा ठेवण्याची परवानगी नाही. मग त्यात म्हशीचे धारोष्ण दूध. दूध कोणाच्या गोठ्यातले हे ठाऊक, म्हैस कोणत्या रानात चरते हे ठाऊक, आणि गवळ्याने पाणी घातले तर त्याची तालमीत कशी हजेरी घेतली जाईल हेही ठाऊक. दुपारी दादर ज्वारीची नाही तर कळण्याची भाकरी, तीवर तूप, डाळ, आणि ऐपतीप्रमाणे व जातीच्या रिवाजाप्रमाणे मांसान्न. रावेर-यावलकडील पहिलवान यात केळ्यांची भर घालीत. दूध आणि केळे यांचा संयोग चरकसंहितेने विरुद्धाहारांत मोजला आहे. पण केळीच्या बागांत वाढलेल्या आणि वाडगाभर शिकरण एका दमात संपविणाऱ्या मल्लापुढे जाऊन हे सांगण्याचे धैर्य एखाद्या वैद्याने केल्याचे ऐकिवात नाही.

दंगलीच्या आदल्या रात्री ही दक्षता पराकोटीस जाई. परक्याच्या हातचे पान खावयाचे नाही, परगावच्या विहिरीचे पाणी प्यावयाचे नाही, कोणी पेढा दिला तर तो कपाळास लावून खिशात टाकावयाचा. प्रतिपक्ष काही तरी चारील ही भीती होतीच. त्यात करणी-भानामतीच्या भयाचाही भाग होता आणि तो आज आपण हसून सोडून देऊ. परंतु भीती खुळी असली तरी तिच्यातून निघालेला नियम खुळा नव्हता. ज्या हाताची ओळख नाही त्या हाताचे खावयाचे नाही, आणि ज्या हाताचे खावयाचे तो हात आपल्या जयापजयाशी बांधलेला असला पाहिजे, एवढाच तो नियम होता. पठ्ठा चितपट झाला तर वस्तादाचेही नाक कापले जाई. त्याची जामीनकी कागदावर नव्हती, इभ्रतीवर होती.

येथवर वाचून कोणाच्या डोळ्यांत जुन्या काळाच्या प्रेमाचे पाणी येत असेल तर ते त्याने आवरावे. या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की, पठ्ठ्याला विचारण्याचा अधिकार नव्हता. वस्तादाने दिले ते प्यावयाचे. काय आहे, कशाकरिता आहे, हे विचारणे बेअदबी. त्या वाडग्यात सदैव बदामच असत असेही नाही. भांग घोटली जाई. माळव्याची अफू मुंबई बंदराकडे जाण्याच्या वाटा ज्या मुलखातून जात त्या मुलखातील लोकांना, अफूची गोळी श्रम विसरावयास लावते हे कोणी शिकवावयास नको होते. वैद्य आणि हकीम यांच्या भस्मांत सोमल होता, पारा होता, आणि थोडक्या मात्रेत अंगात ऊब आणि भूक आणणारा कुचला पुष्कळ मात्रेत काय करतो हे त्यांस पक्के ठाऊक होते. ही द्रव्ये तेव्हा निषिद्ध नव्हती, कारण निषेध करणारी संस्थाच नव्हती. बडोद्याच्या द. चिं. मुजुमदारांनी ‘व्यायामज्ञानकोशा’चे दहा खंड सिद्ध करून ही विद्या ग्रंथबद्ध केली खरी, तरी तालमीतला खरा कोश वस्तादाच्या डोक्यात राहिला आणि तो बहुतेक वेळा त्याच्याबरोबर स्मशानात गेला. विश्वास होता, चौकशी नव्हती. पुढे जे झाले ते समजून घ्यावयाचे तर या दोन्ही गोष्टी एकदम ध्यानात ठेवल्या पाहिजेत.

स्वातंत्र्यानंतर संस्थाने विलीन झाली आणि कोल्हापूरही या बाबतीत खानदेशासारखेच झाले: गादी गेली, लोकाश्रय उरला. १९६१ साली औरंगाबादेस महाराष्ट्र केसरी स्पर्धेचा आरंभ झाला. दुसऱ्याच वर्षी तिचा मान धुळ्यास मिळाला आणि तेथे भगवान मोरे यांनी गदा उचलली. १९६६ साली जळगावास दीनानाथ सिंह हे उत्तरेतून येऊन कोल्हापूरच्या मातीत तयार झालेले मल्ल केसरी झाले. ज्या मुलखाला राजा नव्हता त्याने सहा वर्षांच्या आत दोनदा राज्याचा आखाडा भरवावा, ही गोष्ट लहान नाही. मात्र गदा बाहेरचे नेत राहिले. खानदेशच्या मल्लाने ती दीर्घकाळ गाजवावी हा योग २०१४ साली आला. चाळीसगाव तालुक्यातील विजय चौधरी यांनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी सलग तीन वर्षे हा किताब राखला. त्यांच्या आधीची सलग तीन वर्षे, २०११ ते २०१३, तो नरसिंग यादवाकडे होता. नरसिंगचे घराणे वाराणसीकडील, वडील मुंबईत दूध घालणारे, तालीम कांदिवलीच्या क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात, आणि नोकरी महाराष्ट्र पोलीस दलात. दुधाच्या व्यवसायात जन्मलेल्या मुलाचा घात खुराकाने व्हावा, यातील दैवदुर्विलास कोणा कादंबरीकाराने रचला असता तर आपण त्यास कृत्रिम म्हटले असते.

त्या घाताचे साधन मेथँडिएनोन. हे द्रव्य १९५८ च्या सुमारास अमेरिकेत ‘डायनाबोल’ या नावाने गोळीच्या रूपात विक्रीस आले. स्नायूंची वाढ आणि श्रमानंतरची झीज-भरपाई ते झपाट्याने घडविते आणि यकृतास, हृदयास व संप्रेरकांच्या समतोलास अपाय करते. १९७६ च्या ऑलिंपिकपासून या जातीच्या द्रव्यांची तपासणी होऊ लागली, १९९९ साली ‘वाडा’ स्थापन झाली, २००४ पासून तिची संहिता अमलात आली, आणि आपल्याकडे त्या धर्तीवर ‘नाडा’ ही राष्ट्रीय संस्था उभी राहिली. या संहितेचा पाया एका कठोर तत्त्वावर आहे. खेळाडूच्या शरीरात निषिद्ध द्रव्य सापडले की दोष शाबीत झाला. ते कसे आले, कोणी दिले, हेतू काय होता, या बाबी शिक्षा किती द्यावयाची ते ठरविताना पाहावयाच्या, आणि त्यांच्या शाबितीचा बोजाही बहुतांशी खेळाडूच्याच शिरावर. म्हणजे ज्या जागी शेकडो वर्षे राजा, गाव किंवा वस्ताद जामीन म्हणून उभा होता त्या जागी आता खाणारालाच उभे करण्यात आले.

नरसिंगने २०१५ साली लास व्हेगास येथील जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्यपदक मिळवून भारतास रिओ ऑलिंपिकमधील जागा मिळवून दिली होती. त्याच गटात सुशीलकुमार होता, दोन ऑलिंपिक पदकांचा धनी. त्याने निवडचाचणीची मागणी केली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि जून २०१६ मध्ये ती मागणी फेटाळली गेली. याच महिन्याच्या २५ तारखेस सोनीपतच्या सराव केंद्रात घेतलेल्या नमुन्यात मेथँडिएनोन सापडले. ५ जुलैच्या नमुन्यातही सापडले. नरसिंगची कैफियत अशी की, आपल्या अन्नपेयात कोणी तरी ते कालविले. एका कनिष्ठ मल्लाविरुद्ध त्याने पोलिसांत फिर्याद दिली. ‘नाडा’च्या मंडळाने १ ऑगस्ट रोजी त्यास घातपाताचा बळी मानून सोडून दिले. मग ‘वाडा’ने अपील केले आणि रिओतच लवाद बसला. तेथे निर्णायक ठरली ती तज्ज्ञाची साक्ष. पहिल्या नमुन्यातील द्रव्याचे प्रमाण इतके मोठे होते की ते पाण्यात मिसळलेल्या भुकटीचे असण्यापेक्षा एकदोन गोळ्या गिळल्याचे असण्याचा संभव अधिक, असे ती साक्ष सांगत होती. दुसऱ्याने कालविल्याचा पुरावा मात्र आरोपीपाशी नव्हता. १९ तारखेस कुस्ती व्हावयाची होती. १८ तारखेस चार वर्षांच्या बंदीचा हुकूम झाला.

तो खरे बोलत होता की खोटे, याचा निवाडा प्रस्तुत लेखक करू इच्छीत नाही; लवादाने संभाव्यतेच्या तराजूत तोलून तो केलेला आहे. लक्षात घेण्यासारखी बाब दुसरीच आहे. त्याची संपूर्ण कैफियत जुन्या तालमीतील भयाची होती: परक्या हाताने काही तरी चारले. आणि त्या कैफियतीला पूर्वी जो साक्षीदार मिळाला असता, कुंडीत बोट बुडवून पाहणारा, तो सरकारी केंद्राच्या सामाईक भटारखान्यात कोणीच नव्हता. शेकडो खेळाडूंचे अन्न एका ठिकाणी शिजते, पूरक चूर्णांचे डबे खोल्याखोल्यांतून पडलेले असतात, आणि कोणता डबा कोणी उघडला याची नोंद कोणी ठेवीत नाही.

असे घडते ते गरीब देशांत, आमच्या ढिलाईमुळे घडते, असे कोणास वाटत असेल तर त्याने एसेन्डनची हकीकत ऐकावी. ऑस्ट्रेलियातील फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, बाजूस अठरा-अठरा गडी, आणि चेंडूस हात लावण्याची मुभा. एसेन्डन हा तेथील एकोणिसाव्या शतकापासूनचा मातबर क्लब. २०१२ च्या मोसमात त्याने जेम्स हर्ड या आपल्याच नामांकित माजी खेळाडूच्या मार्गदर्शनाखाली बलवर्धनाचा एक कार्यक्रम आरंभिला आणि तो स्टीफन डँक नावाच्या क्रीडाशास्त्रज्ञाच्या हवाली केला. खेळाडूंच्या पोटात सुया टोचल्या जाऊ लागल्या. त्यांच्याकडून संमतिपत्रांवर सह्या घेण्यात आल्या. जे दिले जात आहे ते नियमांत बसते असे त्यांस सांगण्यात आले. क्लबाचे जुने डॉक्टर ब्रूस रीड यांनी या प्रकाराविषयी लेखी चिंता व्यक्त केली होती, ती कागदावरच राहिली. ५ फेब्रुवारी २०१३ रोजी क्लबाने स्वतःच चौकशीची मागणी केली आणि मग एकेक पदर उलगडत गेला. सर्वांत चमत्कारिक गोष्ट ही की, इतक्या श्रीमंत आणि कागदोपत्री काटेकोर देशातील क्लबाच्या दफ्तरात, कोणत्या खेळाडूस कोणत्या दिवशी कोणते द्रव्य किती दिले याची विश्वसनीय नोंदच सापडेना. आमच्या वस्तादाने वही ठेवली नाही, कारण त्यास लिहिता येत नसे. यांनी का ठेवली नाही?

ऑगस्ट २०१३ मध्ये क्लबास वीस लक्ष डॉलर दंड झाला, अंतिम फेऱ्यांतून त्याचे नाव काढून टाकण्यात आले, हर्डला वर्षभर दूर ठेवण्यात आले. पुढे डँकवर तहहयात बंदी आली. खेळाडूंना तेथील न्यायाधिकरणाने ३१ मार्च २०१५ रोजी पुराव्याअभावी सोडले. परंतु अपिलात लवादाने ठरविले की थायमोसिन बीटा-४ हे निषिद्ध द्रव्य त्यांना दिले गेले, आणि दोन वर्षांच्या बंदीचा हुकूम सोडला; मागील तारखेपासून हिशेब धरल्यामुळे तिचा मुख्य फटका २०१६ च्या संपूर्ण मोसमास बसला. त्या मोसमात उसन्या गड्यांवर खेळलेला एसेन्डन तळाला गेला. कर्णधार जोब वॉट्सन याला २०१२ चे ब्राउनलो पदक, म्हणजे त्या खेळातील सर्वोच्च वैयक्तिक मान, परत करावे लागले. आम्ही क्लबावर विश्वास ठेवला, हे खेळाडूंचे म्हणणे लवादाने ऐकले आणि अपुरे ठरविले. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यांनी वेळोवेळी विचारले असता त्या सुयांचा उल्लेख जवळजवळ कोणीही केला नव्हता, ही गोष्ट त्यांच्या विरुद्ध गेली.

विश्वास आणि मौन ही तालमीतलीच जोडी आहे. एसेन्डनचे खेळाडू सुशिक्षित होते, पगारी होते, वकील नेमण्याइतके संपन्न होते. तरीही आपल्या आवडत्या मार्गदर्शकाच्या क्लबात सुई पुढे आली तेव्हा त्यांनी तेच केले जे भाकरी खाऊन मेहनत करणारा पोरगा वस्तादापुढे करतो. त्यांनी सदरा वर केला. फरक इतकाच की, वस्ताद पठ्ठ्याबरोबर बुडत असे, आणि येथे चारणाऱ्याचा दंड पैशात आणि पदात मोजला गेला, खाणाऱ्याचा आयुष्यातील वर्षांत. अशा प्रकरणांची झळ आपल्या फुटबॉलासही लागलेली आहे: २०१७ साली पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्स क्लबाचा आणि भारताचा गोलरक्षक सुब्रत पाल याच्या नमुन्यात टर्ब्युटालीन सापडले, खोकल्याच्या औषधातून ते आले असे त्याचे सांगणे होते, आणि त्याच वर्षी तो जमशेदपूरकडून पुन्हा खेळू लागला. खोकल्याची बाटलीदेखील आता कैफियतीचा विषय झाली आहे.

लवादाचे तत्त्व कठोर आहे, पण ते सर्वस्वी अन्यायाचे आहे असे मला वाटत नाही. खाणाऱ्यास जामीन केल्याखेरीज तो विचारणार नाही, आणि तो विचारू लागल्याखेरीज चारणाऱ्याचा हात उजेडात येणार नाही. अन्याय घडतो तो निराळ्या ठिकाणी: आपण मुलाच्या डोक्यावर जामीनकीचा बोजा ठेवतो आणि विचारण्याची मुभा मात्र देत नाही. आज जळगाव-धुळ्याच्या रस्त्यांवर पहाटे भरतीसाठी धावणारी मुले पाहावीत, आखाड्यालगत निघालेल्या जिमखोल्या पाहाव्यात. बदामाची कुंडी कोपऱ्यात पालथी पडलेली आणि फळीवर परदेशी नावांचे डबे. डबा कोणी आणला? ‘सरांनी सांगितला.’ त्यात काय आहे? ‘पावडर.’ डब्यावरील बारीक अक्षरे इंग्रजीत, आणि त्यांत लिहिलेले सारेच खरे असते असेही नाही. ‘वाडा’च्याच आकड्यांप्रमाणे २०२२ साली भारतात ३,८६५ नमुने तपासले गेले व त्यांपैकी १२५ दूषित निघाले, मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत वाईट होते. त्याच वर्षी संसदेने उत्तेजकविरोधी कायदा संमत केला. कायदा दिल्लीत झाला. डबा चाळीसगावात, शिरपुरात, भुसावळात उघडला जातो.

म्हणून खानदेशातील तालमींच्या चालकांस, यात्रा कमिट्यांस आणि वस्तादांस एक विनंती. इनामाच्या रकमेचा पै-पैचा हिशेब गावापुढे मांडण्याची रीत तुम्ही पिढ्यान् पिढ्या पाळली आहे. त्याच वहीत आणखी एक पान घाला: कोणत्या पोरास कोणता डबा, कोणती गोळी, कोणती सुई, कोणाच्या सांगण्यावरून, कोणत्या दुकानातून, कोणत्या तारखेस. पावती चिकटवा आणि खाली वस्तादाची सही घ्या. ज्या वस्तूखाली सही करावयास वस्ताद तयार नसेल ती पोराच्या पोटात जाता कामा नये, आणि ती वही पोराने केव्हाही मागितली तर त्यास बेअदबी म्हणू नये.